पालकाच्या रकान्यातली सही

बहिणीच्या संसारात नाक खुपसू नये, एवढं मला कळतं. पण दहावीची परीक्षा आठ दिवसांवर आली आणि भाचीचं, योगिनीचं, हॉल तिकीट शाळेनं अडकवून ठेवलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. वर्षभराची फी थकलेली. माझी बहीण मीना तारनाक्याला रेल्वेत नोकरीला. ती म्हणे, पोर मी सांभाळते, फी बापानं भरावी. तिचा नवरा विकास तीन वर्षांपासून हिमायतनगरात वेगळा राहून घरोघरी डिश अँटेना बसवतो. तो म्हणे, बांधलेला पगार तिला आहे, मला कुठं?

दोघांना रिक्षात घालून हिम्मतराव वकिलांकडे नेलं. मधे मी, दोन बाजूंना दोन फुगलेली तोंडं. जबाबदारी म्हणून काही चीज असते की नाही, असं वाटभर सुनावलं. रिक्षावालासुद्धा ‘हौ साब, हौ साब’ करत होता.

हिम्मतराव म्हणाले, वेगळे राहिले तरी पोरीचा खर्च आईबाप दोघांवर. कोणी किती द्यायचा ते कोर्ट ठरवील, वर्ष-दोन वर्षांत. शाळा मात्र आधी प्रवेशाच्या फॉर्मवर सही करणाऱ्याला धरणार; एकदा सही केली की त्याला सोडून जाता येत नाही. मीनानं पर्समधून फॉर्मची झेरॉक्स काढून दिली. वकिलांनी ती वाचली आणि हळूच माझ्यापुढे सरकवली.

पालकाच्या रकान्यात माझी सही! इंग्रजीत, लांबलचक, खाली दोन टिंबं. प्रवेशाच्या दिवशी ही दोघं शाळेच्या फाटकातच भांडत बसली होती, आणि ‘मामा कशाला आहे’ म्हणत मीच ऐटीत पेन काढला होता.

तीन वर्षांत पहिल्यांदा नवरा-बायकोचं एकमत झालं. मामानंच भरावी.

बेगम बाजारातल्या माझ्या मिरचीच्या दुकानाचा गल्ला झाडून पुसून रिकामा झाला. दोघांच्या नावानं बोटं मोडत फी भरली. पोरगी परीक्षेला बसली.

जूनमध्ये ती इंटरचा, म्हणजे अकरावीच्या प्रवेशाचा, फॉर्म घेऊन दुकानात आली. मी पेन खिशात खोलवर खुपसला. आईकडे जा नाहीतर बापाकडे, मी या जन्मात कशावर सही करणार नाही, असं बजावलं.

ती मिरचीच्या पोत्यावर बसली. “मामा, सही केली की माणसाला सोडून जाता येत नाही, असं वकील म्हणाले ना? आई सांगत होती.”

“हौ. म्हणून तर नक्को.”

“म्हणून तर तुम्हीच करा.”

डोळ्यांत मिरची गेली, असं मी तिला सांगितलं. मग सही केली, दोन्ही टिंबांसकट.