वरच्या शेतातली भिंत

मी लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देते. आयर्लंडमधल्या रॉसकॉमनच्या वाचनालयात मागच्या बाजूला माझी खोली आहे. उन्हाळा लागला की बॉस्टनहून, टोरांटोहून, मेलबर्नहून माणसं येतात, समोरच्या खुर्चीत बसतात, खापरपणजोबाचं नाव सांगतात आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जणू तो म्हातारा माझ्या टेबलाच्या खणातच बसलाय. कधी सापडतो, कधी नाही सापडत. रडणाऱ्यांसाठी मी कागदी रुमालांचा डबा ठेवलाय.

आमच्या स्वतःच्या घराण्याचं मात्र मी कधी काही शोधलं नव्हतं. गरजच वाटली नाही. ते सगळं डॅडींनी सांगून ठेवलं होतं.

डॅडी म्हणजे मॅलकी स्कॅली, करासला गावच्या शाळेचे मास्तर. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी गाव त्यांना मास्तरच म्हणतो. दर फेब्रुवारीत ते वरच्या वर्गातल्या मुलांना आमच्या वरच्या शेतात घेऊन जायचे. तिथे एका पडक्या घराची फक्त एका बाजूची भिंत उभी आहे. तिच्यापाशी उभं राहून डॅडी सांगायचे, की बटाटा कुजला त्या काळात जमीनदाराची माणसं पहारी घेऊन आली आणि आपल्या पणजोबांचं, म्हणजे पॅट्रिक स्कॅलीचं, हे घर त्यांनी पाडलं. पणजी तान्हं मूल घेऊन समोरच्या चरात बसली. पुढे पॅट्रिक राब राब राबला आणि याच मातीत परत उभा राहिला. सांगता सांगता डॅडींचा आवाज दाटून यायचा. मुली मुसमुसायच्या. मीही मुसमुसले आहे, त्यांच्याच वर्गात बसून.

गेल्या वर्षी गावानं ठरवलं, की दुष्काळात बेघर झालेल्या कुटुंबांची नावं कोरून चर्चच्या वळणावर एक दगड उभा करायचा. समितीचे अध्यक्ष अर्थात मास्तर. नावं तपासायचं काम माझ्याकडे आलं.

"चूक नको हं, एथ्ना," डॅडी म्हणाले. "दगडावर खोडरबर चालत नाही."

मी डब्लिनहून इस्टेटीच्या नकाशाची प्रत मागवली. दुष्काळाच्या थोडं आधी जमीनदारानं करून घेतलेला नकाशा, एकेका घरावर कुळाचं नाव बारीक अक्षरात लिहिलेलं. वरच्या शेतातलं ते घर मला लगेच सापडलं, ओढ्याचं वळण अजून तसंच आहे. त्यावर नाव होतं मायकेल मुलविहिल. स्कॅली नावाचं माणूस अख्ख्या करासल्यात कुठेच नव्हतं. दुष्काळानंतर सरकारनं केलेल्या मोजणीत मात्र ते घर नाही, आसपासची घरं नाहीत, आणि सगळ्या रानावर मिळून एकच नाव: पॅट्रिक स्कॅली.

याचा अर्थ काहीही होऊ शकतो, असं मी स्वतःला समजावलं. मी रोज लोकांना हेच सांगते, की कागदावर नाव दिसलं म्हणजे माणूस कळला असं नाही. पण चैन पडेना. शनिवारी मी अ‍ॅट्रॅक्टा टायकडे गेले.

अ‍ॅट्रॅक्टा गावातली सगळ्यात म्हातारी बाई, नव्वदी पार केलेली. टाय मंडळी पहिल्यापासून इथलीच, नकाशातही त्यांचं घर होतं. तिनं शेगडीवर किटली ठेवली, सोडा ब्रेडला जाड लोणी फासलं आणि मांजराला खुर्चीवरून हाकललं.

"अ‍ॅट्रॅक्टा, दुष्काळाच्या आधी आमची माणसं कुठे राहायची?"

"तुमची? नदीपलीकडची ती. पॅट्रिक जमीनदाराची गुरं राखायचा." मग तिनं मलाच विचारलं. "तुला शाळेत पोरं काय म्हणायची गं?"

"पहारवाल्यांची एथ्ना."

"का म्हणायची?"

"आजोबा दगडाच्या खाणीत होते म्हणून."

"आजोबा खाणीत होता, ते खरं. पण नाव त्याचं नव्हे. त्याच्या आजोबाचं." तिनं माझ्यापुढे ब्रेड सरकवला. "बाहेरची माणसं घरं पाडायला तयार होईनात. पॅट्रिक तयार झाला. मुलविहिलची बायको ओनर आत बाळंतीण होती, तिला अंथरुणासकट बाहेर काढलं आणि मग आढं पाडलं. ते तान्हं आणि नवरा, दोघंही त्याच वसंतात गेले. ती उरलेल्या पोरीला घेऊन चालत बंदरावर गेली, तिथून कॅनडाला. आणि रान मिळालं पॅट्रिकला. खा की, सुकतोय तो."

मी ब्रेड बाजूला सरकवला.

"आणि डॅडी इतकी वर्षं तिथे उभे राहून मुलांना सांगत होते, तेव्हा कुणीच काही बोललं नाही?"

"काय बोलायचं? मास्तर चांगला माणूस. माझ्या थोरल्याला कुणी वाचायला शिकवू शकत नव्हतं, त्यानं शिकवलं. पोरं घरी येऊन सांगायची, मास्तरांच्या पणजीला चरात बसवलं. आम्ही म्हणायचो, हो का, अरेरे, चल हात धू." ती थांबली. "पण तुमच्या उंबऱ्याच्या आत आम्ही टाय कधी आलो नाही. बघितलंयस कधी मला तुमच्या स्वयंपाकघरात?"

खरंच नव्हतं बघितलं. दूध द्यायला, निरोप सांगायला ती कितीदा आली असेल, पण दारातच उभी राहायची. मला वाटायचं, तिचे बूट चिखलाचे असतात म्हणून.

घरी आले तेव्हा डॅडी परसात बसून मटारच्या वेलांना काठ्या लावत होते. मी नकाशाची प्रत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा वर केला, नकाशा जवळ घेऊन पाहिला, परत माझ्या हातात दिला.

"जमीनदारांच्या माणसांनी नावं कशीही लिहिलीयत."

"अ‍ॅट्रॅक्टाकडे जाऊन आले मी."

"अ‍ॅट्रॅक्टाचं वय झालंय."

"डॅडी, तिला मुलविहिलच्या बायकोचं नावसुद्धा माहितीय."

ते काठी मातीत रोवत राहिले. ती केव्हाच घट्ट बसली होती. मग म्हणाले, "ओनर."

मी तिथेच बादली उलटी करून बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. लहानपणी एका टायच्या पोराशी मारामारी झाली, त्यानं तोंडावर सगळं सांगितलं. रडत घरी आले तर आई म्हणाली, उलटं आहे, आपलंच घर पाडलं होतं, ते मत्सरानं बोलतात. आईवर विश्वास ठेवणं सोपं होतं. पुढे मोठेपणी कळलंच, पण तोवर ते मास्तर झाले होते आणि गोष्ट सांगून झाली होती.

"दरवर्षी वाटायचं, यंदा नको. पण पोरं वाट बघायची. आणि खरं सांगू, एथ्ना? भिंतीशी उभा राहिलो की मला ती बाई दिसायची. मी खोटा रडलो नाही कधी. फक्त ती आपली नव्हती."

माझा भाऊ फर्गल, जो आता ते रान कसतो, त्या संध्याकाळी ऐकून भडकला. "तुम्ही दोघं मोकळे व्हाल बोलून! उद्या दुकानात, सहकारी डेअरीत तोंड मला दाखवायचंय. दीडशेहून जास्त वर्षं झाली. आता काय, शेत परत करू? कुणाला?"

त्याच्या या प्रश्नाला उत्तर येणारच होतं, विमानानं. डॅडींनीच चर्चच्या पत्रकात निवेदन दिलं होतं, की या कुटुंबांच्या वंशजांनी संपर्क साधावा. त्याला कॅनडातून लिओनी मुलविहिल नावाच्या बाईंचं उत्तर आलं होतं. ओनरच्या बरोबर गेलेल्या पोरीच्या मुलानं आईचंच आडनाव लावलं, त्याच्या घरातल्या या. आणि डॅडींनी त्यांना आमच्याच घरी उतरायचं आमंत्रण दिलं होतं, कित्येक महिन्यांपूर्वी.

"का बोलावलंत?" मी विचारलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. मला ते खरं वाटलं.

समितीच्या पुढच्या बैठकीत त्यांनी दगडावरच्या नावांतून स्कॅली काढायला सांगितलं. कुणीही का म्हणून विचारलं नाही. सचिवानं पेनानं रेघ मारली आणि सँडविच किती लागतील यावर चर्चा सुरू झाली. परतताना गाडीत डॅडी म्हणाले, "सगळ्यांना माहीत होतं."

लिओनी निवृत्त परिचारिका निघाल्या, उंच, मोठ्यानं हसणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी बॅगेतून मेपलच्या पाकाची बाटली काढून डॅडींच्या हातात दिली, उकडलेलं बेकन आणि कोबी दुसऱ्यांदा मागून घेतला आणि फर्गललासुद्धा हसवलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, डॅडी त्यांना वरच्या शेतात घेऊन गेले. मीही मागोमाग गेले.

भिंतीशी पोचल्यावर ते म्हणाले, "हे तुमचं घर."

लिओनींनी दोन्ही तळवे दगडांवर टेकले. मग विचारलं, "कोणी पाडलं?"

मी डॅडींकडे बघितलं. वारा होता, त्यांचे डोळे वाहत होते. त्यांनी तोंड उघडलं.

"जमीनदाराच्या माणसांनी," ते म्हणाले.

खोटं नव्हतं ते. लिओनी वळल्या आणि त्यांनी डॅडींना घट्ट मिठी मारली. "आणि तुम्ही इतकी वर्षं ही भिंत पडू दिली नाहीत," त्या म्हणाल्या. "देव तुमचं भलं करो." डॅडींचे हात लोंबकळत होते. त्यांना त्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मी बोलायला हवं होतं का? मला वाटलं, हे त्यांचं आहे, त्यांनीच बोलायला हवं. अजूनही तसंच वाटतं, पण त्या क्षणी मी मेंढरांकडे बघत उभी होते हेही खरं.

रविवारी दगडाचं अनावरण झालं. फादरनी पाणी शिंपडलं, नावं वाचली गेली, मुलविहिल हे नाव आलं तेव्हा लिओनींनी हात वर केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॅडींचं भाषण होतं. त्यांनी दोनच वाक्यं म्हटली आणि खाली बसले. मग हॉलमध्ये चहा. मी कप धूत होते तेव्हा पाहिलं, डॅडी लिओनींच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात बोलायला लागले. लिओनींचा चेहरा बदलत गेला. आसपासची बडबड एकेका टेबलावरून थांबत गेली.

त्या उठल्या. सरळ माझ्याजवळ आल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"शुक्रवारी, तिथे?"

"हो."

त्या डॅडींकडे वळल्या. "दीडशे वर्षांपूर्वी तुमच्या पणजोबानं काय केलं ते मला कळू शकतं हो. भुकेल्या माणसांना मी पाहिलंय. पण मी तुम्हाला मिठी मारली, मास्तर. तुम्ही मारू दिलीत."

डॅडी उभे राहिले. "माझी चूक झाली" इतकंच म्हणाले.

लिओनींनी त्याच दुपारी बॅग भरली. फर्गलनं त्यांना शहरातल्या हॉटेलात सोडलं. परत आला तेव्हा म्हणाला, रस्ताभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि उतरताना आभार मानले.

गाव मात्र भडकला तो डॅडींवरच. सोमवारी अ‍ॅट्रॅक्टा काठी टेकत आमच्या दारात आली, नेहमीसारखी उंबऱ्याबाहेरच थांबली.

"कशाला सांगितलंस त्या बाईला? भर हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर?"

"सांगायलाच हवं होतं, अ‍ॅट्रॅक्टा."

"तुझं ओझं हलकं व्हायला हवं होतं, असं म्हण. ती बिचारी आपल्या माणसांच्या नावाच्या टाळ्या ऐकून सुखानं परत गेली असती. आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तोंड मिटून बसलो ते कुणासाठी रे, मॅलकी? तुझ्यासाठीच ना?"

डॅडींनी दार धरून ठेवलं होतं. "आत ये, चहा घे," ते म्हणाले.

"नको," ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर ते दुकानात जाईनासे झाले. प्रार्थनेला जायचे ते मागच्या बाकावर बसायचे आणि शेवटचं भजन संपायच्या आधी निघायचे. शाळेच्या नव्या बाईंनी फेब्रुवारीत विचारलं, मास्तर, मुलांना भिंत दाखवाल का? त्यांनी मला सांगायला लावलं, की गुडघे दुखतात.

मार्चमध्ये लिओनींचा ईमेल आला, माझ्या कार्यालयाच्या पत्त्यावर. डॅडींचा उल्लेख नव्हता. ओनरच्या त्या तान्ह्या मुलाचं नाव तरी कुठे मिळतं का, एवढंच विचारलं होतं. नेहमीचं शुल्क काय ते कळवा, असंही. मी शुल्क नको म्हणून लिहिलं, मग खोडलं आणि नेहमीची रक्कम लिहिली. त्यांना आमच्याकडून फुकट काही नको असणार.

त्या वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींचे फोटो फार वाईट आहेत. शाई पसरलेली, फादरचं अक्षर लॅटिनमध्ये आणि थंडीनं थरथरलेलं. मी घरी पडद्यावर ते बघत बसले होते, तेव्हा डॅडींनी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून माझ्याशेजारी ठेवली.

"मला लॅटिन येतं," ते म्हणाले.

तेव्हापासून जेवण झालं की आम्ही बसतो. ते भिंग धरून एकेक ओळ वाचतात, मी टिपून घेते. मुलविहिल तीनदा सापडले, तिन्ही वेळा दुसऱ्या गावचे. पोर बाप्तिस्म्याआधीच गेलं असेल तर ते कुठेच लिहिलेलं नसणार. हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. काल एका पानाचा खालचा अर्धा भाग पाण्यानं पार धुऊन गेलेला निघाला. डॅडींनी त्या पांढऱ्या जागेवरूनही भिंग शेवटपर्यंत फिरवलं.

"पुढचं पान लाव," ते म्हणाले.