दोन पूर्णांक चार मिलिमीटर

तीन एप्रिल, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. एक किलो चाळलेल्या गव्हात तणाचे दाणे शेहेचाळीस. मर्यादा दहाची.

बियाणे तपासण्याचे काम करणाऱ्या पुतणीने तपासणीचा कागद पुढे सरकवला तेव्हा चाळणीतात्यांनी आधी चष्मा पुसला. बियाणे केंद्रात एकतीस वर्षे त्यांनी डोळ्यांत तेल घालून एकच चाळणी चालवली होती. भोक दोन पूर्णांक चार मिलिमीटर. गहू वर राहायचा, बारीक तण खाली पडायचे. केसभर फरक होऊ दिला नव्हता. शुक्रवारी त्यांचा निरोप समारंभ होता आणि हा त्यांच्या हातचा शेवटचा माल. तो नापास झाला तर केंद्राचा परवाना जाणार होता.

त्यांनी प्रथम खुरपणीवाल्यांवर खापर फोडले, मग पोती वाहणाऱ्यांवर. पुतणीने कपाट उघडले. दरवर्षी केंद्राच्याच शेतातून आलेल्या, न चाळलेल्या मालाची एकेक बाटली तात्यांनीच तारीख घालून जपली होती. तिने पहिल्या बाटलीतले शंभर तणदाणे मोजपट्टीने मोजून ठेवले होते. अठ्ठ्याण्णव बारीक, दोन जाड. यंदाच्या शंभरात जाड एक्क्याण्णव.

"हा चोर बाहेरून आलेला नाही, काका. आपणच पोसलाय."

"मी तर दरवर्षी मारत आलो."

"बारीक मारलेत. जाड होते ते चाळणीवर राहिले, गव्हाबरोबर आपल्याच शेतात पेरले गेले. त्यांची पोरं त्यांच्यासारखी जाड. दरवर्षी तेच. निवड चाळणीनं केली."

तात्यांनी यंदाची बाटली उजेडात धरली. "म्हणजे मी कामचुकार असतो तर?"

"तर याला आणखी पुष्कळ वर्षं लागली असती."

आपलेच दात, आपलेच ओठ. चावले तरी ओरडायचे कोणापाशी? भोक मोठे करावे तर गहूही खाली पडणार. तण आता गव्हाच्या मापाचे झाले होते आणि माप तात्यांचे होते.

"दहा लिही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "शुक्रवारपर्यंत तरी."

पुतणीने पेन त्यांच्यासमोर ठेवले. "आधी मोज, मग बोल, हे तुम्हीच शिकवलंत. लिहायचं तर तुम्हीच लिहा."

तात्यांनी पेन उचलले, खाली ठेवले आणि चिमटा घेतला. तो किलोभर गहू त्यांनी पांढऱ्या कागदावर पुन्हा पसरला. पावणेदोन तास खोलीत फक्त दाणे सरकल्याचा आवाज येत होता. पुतणीने गहू म्हणून सोडलेला एक दाणा त्यांनी उलटा केला, भिंगाखाली धरला आणि तणाच्या बाजूला ठेवला.

मग तिचा आकडा खोडून त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिले: सत्तेचाळीस.