मोठ्या घरच्यांचं नाव

‘शांत हो’ असं मला सकाळपासून सात जणांनी सांगितलं, आणि सातही जणांच्या राजम्याला पाणी मिळालेलं होतं.

आमच्या राजम्याला नव्हतं. फुलं गळायला लागली होती. आमची पाळी आली की पाटाचं दार आमच्या शेताच्या वरच बंद व्हायचं आणि पाणी मोठ्या घरच्यांच्या शेतात वळायचं. एकदा नाही, तीनदा. पुढची पाळी बारा दिवसांनी. तोवर तो पाला शेळीनंही हुंगला नसता. जिल्ह्याचा कारकून वर्षातून एक दिवस शाळेच्या हॉलमध्ये पाण्याच्या तक्रारी लिहून घेतो, तो आज आला होता. तक्रार नोंदली गेली की दुसऱ्या दिवशी पाटाच्या दाराची किल्ली जिल्ह्याचा माणूस ताब्यात घेतो आणि बुडालेली पाळी आधी भरून देतो. म्हणजे आज बोलले तर पीक, नाहीतर सरपण.

मोठ्या घरचे म्हणजे माझे चुलतसासरे. गावाचं पाणी वाटायचं काम बारा वर्षं त्यांच्याकडे आहे. त्यांचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे सून सासरच्या कुठल्याच वडीलधाऱ्याचं नाव घेत नाही; नवऱ्याचं घरात चालतं, चारचौघांत नाही. माझी सासू, आपा, एकेचाळीस वर्षं त्यांना ‘मोठ्या घरचे’च म्हणते, आणि मी अकरा वर्षं. रिवाज वाईट नाही, मी तो हसत पाळला. पण तक्रार करायची तर चारचौघांत उभं राहून, नाव घेऊन करावी लागते. आणि अख्खं गाव त्यांच्याच कुळातलं. बायका त्यांच्या सुना, त्या नाव घेणार नाहीत. पुरुष त्यांचे पुतणे, ते तोंड उघडणार नाहीत. म्हणून बारा वर्षांत त्यांच्याविरुद्ध वहीत एक ओळ नाही, आणि त्याबद्दल त्यांना जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मिळालंय. ते त्यांनी काच लावून भिंतीवर टांगलंय. एवढी लाज कोळून प्यायलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यावर तोड माझ्या नवऱ्यानं, तालायनं काढली होती. बोलायचं मी, कारण तारखा मला पाठ. नावाच्या जागी मी थांबायचं, आणि तो उठून नाव सांगणार. रोटीवर हात ठेवून तशी शपथ घेतली होती त्यानं.

मी खुरपताना सहा वाक्यं घोकली होती. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि तिसरं वाक्य गेलं. ते शोधायला गेले तर वासराला दावं घट्ट बांधलं का ते आठवेना. मग मोठ्या घरच्यांचे नवे बूट दिसले, आणि चौथंही गेलं. शाळेच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, समोर माणसं नाहीत, कोबीचे गड्डे आहेत असं समज. मला तर गड्डेच दिसत होते, त्यात समजायचं काय?

आपा माझ्या शेजारी बसली होती. तिनं खिशातून कुरुत काढला, वाळवलेल्या दह्याचा खारट गोळा, दगडासारखा, आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“तोंडात धर. चावायचा नाही. विरघळेपर्यंत बोलायचं नाही.”

“आणि ते काही बोलले तर?”

“तोंड भरलेलं असेल ना तुझं,” आपा म्हणाली, आणि एक कुरुत स्वतःच्याही तोंडात टाकला.

मोठ्या घरचे बोललेच. आमच्या बाकाजवळ थांबून म्हणाले, “सूनबाई तापल्यात म्हणे. ऊन लागलं असेल. तालाय, बायकोला ताक पाज जरा.” पुतणे खिदळले. तालायही हसला, ते मी पाहिलं. माझ्याकडे असं उत्तर होतं की त्यांच्या बुटांचं पॉलिश उडालं असतं, पण जीभ त्या गोळ्याखाली अडकलेली. मीठ घशात उतरत राहिलं. गोळा इकडून तिकडे फिरवताना डोक्यात दुसरं काही मावेना. तो चिंचोक्याएवढा झाला तेव्हा तिसरं वाक्य आपोआप परत आलं. संपला तेव्हा कारकुनानं पुढच्या माणसाला बोलावलं, आणि पुढची मी होते.

मी तीन तारखा सांगितल्या. किती वाजता पाणी आलं, किती वाजता दार पडलं, कोणत्या शेतात चिखल झाला, सगळं सांगितलं. आवाज कापला नाही. राग होता तेवढाच होता, पण खुंट्याला बांधलेल्या घोड्यासारखा जागेवर उभा होता. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

“कुणाविरुद्ध तक्रार?” कारकुनानं विचारलं.

मी थांबले. तालायनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली होती, आणि नाव आत लिहिलेलं असावं तसा तो त्या टोपीत बघत होता. मी वाट पाहिली. सगळ्यांनी पाहिली.

“जो कोण असेल त्याच्याविरुद्ध लिहा, साहेब,” मोठ्या घरचे गोड आवाजात म्हणाले.

नावाशिवाय नोंद होत नाही, असं म्हणून कारकुनानं पेनाला टोपण लावायला घेतलं.

“ओमुरझाक,” मी म्हणाले. “पाणी वाटणारे ओमुरझाक. माझे चुलतसासरे.”

पेन चाललं. मोठ्या घरचे मानेपर्यंत लाल झाले. त्यांना माझ्याकडे बघवेना, म्हणून ते आपाकडे वळले. “सुनेला हेच वळण लावलंस?” आपानं दुसऱ्या कुरुतानं फुगलेल्या आपल्या गालाकडे बोट दाखवलं आणि तो चघळत राहिली.

“तक्रारदाराचं नाव?” कारकून म्हणाला.

“बुरुल.”

“कुणाची पत्नी?”

आता तालायनं मान वर केली. इतका वेळ टोपीत बघणारा माणूस आता माझ्याकडे बघत होता.

“ते नाव मी घेत नाही,” मी म्हणाले. “आमच्याकडे बायको चारचौघांत नवऱ्याचं नाव घेत नाही. रिवाज आहे.”

मागच्या बाकावर एक बाई हसली, मग दुसरी. कारकून वाट बघत राहिला. शेवटी तालायलाच उठावं लागलं. त्यानं आपलं नाव सांगितलं, पण इतक्या हळू की कारकुनानं त्याला ते दोनदा विचारलं.