बोट ठेवाल ते झाड

रोपवाटिकेचं फाटक उघडायच्या आधी बाईंनी वाटीत चुना कालवला आणि एका ठणठणीत चिकूच्या पानांवर काडीने पांढरे टिपके काढायला बसल्या. वीस पानांवर तरी हवेत, कमी पडले की गिऱ्हाइकांना ती धूळ वाटते. झाल्यावर त्यांनी मागे सरकून डोळे बारीक केले. झाड पुरतं मरणाला टेकलेलं दिसत होतं. बाई खूश झाल्या. तरी खात्री म्हणून त्यांनी कुंपणाकडच्या रांगेत, दोन वाळक्या लिंबांच्या मध्ये त्याला ढकललं आणि वर "आजारी" असं लिहिलेला पुठ्ठा खोचला.

एवढी नाटकं करायचं कारण फाटकावरच टांगलेलं होतं. "बोट ठेवाल ते झाड तुमचं." पाटी त्यांच्या नवऱ्याने रंगवली होती आणि तो नियम त्याने जन्मभर पाळला होता. रोपवाटिकेत स्वतःसाठी ठेवायचं झाड नसतं, पिशवीत मुळं गोल फिरायला लागली की त्याचा जीव गेलाच, असं तो म्हणायचा. आता अडीच वर्षं झाली तो जाऊन. हा चिकू त्याच्या हातचं शेवटचं कलम. खिरणीच्या रोपावर चांगल्या चिकूची फांदी बसवली, जुन्या पिवळ्या रेनकोटची पट्टी कापून सांधा घट्ट बांधला, आणि आठ दिवसांत माणूस गेला. कलम मात्र जगलं. बाईंचं घर वरच्या मजल्यावर, खालचं आवार सगळं फरशीचं, लावणार कुठे? म्हणून ते पिशवीतच होतं, दर आठवड्याला नव्याने आजारी पडत.

त्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे दातवाले डॉक्टर येणार होते.

डॉक्टर नुकतेच निवृत्त झाले होते आणि दात संपल्यामुळे झाडांच्या मागे लागले होते. परसात एकाच झाडापुरती जागा. खड्डा खणून महिना झाला होता, घरातलं मांजर त्यात दोनदा पडलं होतं, आणि सूनबाईंनी निर्वाणीचा इशारा दिला होता की या रविवारपर्यंत झाड आलं नाही तर तिथे कपडे वाळत घालायचा खांब उभा राहील.

पहिल्या गुरुवारी त्यांनी फळांनी लगडलेल्या पेरूवर झडप घातली होती. बाईंनीच त्यांना अडवलं. "अहो, एवढ्याशा रोपाला एवढी फळं म्हणजे शाळेच्या वयात कामाला जुंपलेलं पोर. वाढणार कधी ते?" मग त्यांनी डॉक्टरांना शहाणं केलं. उंची बघू नका, खोडाची जाडी बघा. पिशवी उचलून बूड बघा. सांध्यावर बोट फिरवा. पान उलटं करून कीड शोधा. डॉक्टरांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि तेव्हापासून बाईंच्या डोक्याला ताप झाला, कारण आता त्यांना एकही झाड पसंत पडेना.

"हे हलतंय," आंब्याचं खोड दोन बोटांत धरून डॉक्टर म्हणाले. "मुळात ढिलं आहे."

"कालच पिशवी बदललीय, डॉक्टर."

"तेच म्हणतोय मी. नको." त्यांनी वहीत फुली मारली आणि कुंपणाकडे वळले.

"तिकडे काही नाही!" बाई जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या.

डॉक्टर थांबले. चाळीस वर्षं त्यांनी तोंड उघडायला नको म्हणणारी माणसं पाहिली होती. ते सरळ त्या पुठ्ठ्यापाशी जाऊन उकिडवे बसले.

"याला काय झालंय?"

"बुरशी. हात लावू नका, तुमच्या घरातल्या कुंड्यांना लागेल."

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला, थुंकी लावली आणि एक पान पुसलं. पान लखलखीत हिरवं निघालं. त्यांनी रुमाल हुंगला.

"चुना," ते म्हणाले. "वहिनी, चाळीस वर्षं लोक माझ्यासमोर बसून 'दोन वेळा घासतो' म्हणून सांगत आले. माझ्याशी खोटं बोलायचं तर जरा तयारी करून बोलावं."

बाईंचे कान गरम झाले. "काल उडाला असेल चुना. बुंधे रंगवत होते."

"आणि नेमका पानागणिक एकेक थेंब उडाला?" डॉक्टरांनी वही उघडली आणि बाईंचेच नियम बाईंना वाचून दाखवू लागले. खोड जाड, बरोबर. शेंड्याला नवी पानं, बरोबर. मग त्यांनी वही मिटून पिशवी उचलली. बुडाच्या भोकांतून मुळं बाहेर येऊन पिशवीलाच वेढे घालत होती. त्यांनी सांध्यावर बोट ठेवलं. पिवळी पट्टी सालीत इतकी रुतली होती की नख शिरेना.

"सांधा जुळला की पट्टी कापायची, नाहीतर गळा आवळला जातो," ते हळूच म्हणाले. "वहीचं पान तिसरं. तुम्हीच सांगितलंत."

दुसऱ्या कुणाच्या रोपवाटिकेत असं झाड दिसलं असतं तर बाईंनी मालकाला तिथेच फैलावर घेतलं असतं. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचीच लाज वाटत होती.

"ती पट्टी यांनी बांधलीय," शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्याच्याने कापवली नाही."

डॉक्टरांनी सांध्यावरचं बोट झटकन उचललं. "मी बोट ठेवलं नव्हतं. तपासत होतो."

"ठेवलंत," बाई म्हणाल्या. "मी बघितलं." त्यांनी कमरेचा कलमाचा चाकू काढला. पातं सालीला न लागता पट्टी सुटली. खाली खोलगट वळ उमटला होता. पट्टी त्यांनी खिशात टाकली. "पिशवी फाडून ही गोल मुळं छाटा. मग लावा. दोन वर्षं फूल दिसलं की खुडायचं."

"तुम्हीच या ना लावायला."

"विकलेलं झाड मी बघायला जात नाही. न्या लवकर."

डॉक्टर गेल्यावर बाईंनी तो "आजारी" पुठ्ठा फाडला आणि दिवसभर उगाचच सगळ्यांवर खेकसत राहिल्या.

पुढच्या गुरुवारी डॉक्टर आले नाहीत. त्यांचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. "वहिनी, चिकूच्या पानांवर पांढरे डाग आलेत. वाढतायत. मला तर काही कळेना."

बाईंनी फाटक उघडंच टाकलं. वाटेत त्यांनी स्वतःला, डॉक्टरांना आणि त्या पाटीला मनसोक्त शिव्या दिल्या. परसात शिरल्या तर झाड मधोमध ताठ उभं, मांजर त्याच्या आळ्यात झोपलेलं, आणि खरंच, पानागणिक एकेक पांढरा टिपका. त्या गुडघ्यांवर बसल्या, बोटाने एक डाग पुसला आणि नाकाशी नेला.

पुदिना.

त्यांनी मान वर केली. डॉक्टर खुर्च्या मांडत होते, दोन, झाडाच्या समोरासमोर, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून टूथपेस्टची नळी डोकावत होती.

बाईंना हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. "कसला रोग म्हणायचा हा, डॉक्टर?"

"हट्टी दिसतोय," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "दर गुरुवारी उलटेल असं वाटतं."