मेन टेशन दौंड

मी इन्स्ट्रुमेंटेशन बोलतोय. थांबा, पळू नका. नाव लांब असलं तरी स्वभावानं मी गरीब आहे.

जन्म माझा इंग्रजीतला. 'इन्स्ट्रुमेंट' म्हणजे मोजमापाचं उपकरण. त्याला 'एशन'ची शेपटी लागली आणि मी झालो. रांजणगावच्या कंपन्यांमध्ये मोजमापाच्या खात्यावर माझ्या नावाच्या पाट्या आहेत. त्या वाचतात सगळे, मोठ्यानं म्हणत कुणी नाही. याचा मला भारी माज होता.

तो उतरवला मांडवगण फराटा गावच्या मोनिकानं. पोरगी डिप्लोमा झालेली. बिघडलेला प्रेशर गेज चुटकीसरशी दुरुस्त करायची, पण माझ्यापाशी आली की "इन्स्ट्रुमें… में… में" अशी तिची शेळी व्हायची. दोन मुलाखती त्यातच गेल्या. तिसरी उद्यावर आली होती, आणि हीसुद्धा गेली तर कंपनीचं नाव काढायचं नाही, असं तिनं रडून ठरवलं होतं.

तिची आई अनसाबाई बांधावर उसाचं बेणं तोडत होती. ती म्हणाली, "अख्खा कशाला गिळतीस? बेण्यावानी टिपरी कर की त्याची."

मोनिकानं केली. "इन्. स्ट्रू. मेन. टेशन."

"मेन टेशन? म्हंजी रेल्वेचं दौंड की गं," आई म्हणाली.

अहो, तो 'ट' माझ्या 'मेंट'चा! तो शेपटीला गेलेला पाहून मी जाम चिडलो. पण पोरीच्या जिभेला नेमका तोच सांधा सापडला. मायलेकी पोट धरून हसल्या आणि जेवतानासुद्धा मला घोकत राहिल्या.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "कुठल्या डिपार्टमेंटला यायचंय?"

मोनिकानं दम घेतला. "इन्स्ट्रू… दौंड."

माझा तर जीवच गेला. मोनिकाचे कान लाल झाले, पण ती उठली नाही. "सर, आई म्हणली, मेन टेशन म्हंजी दौंडच," असं सांगत तिनं मला बोटांवर तोडून दाखवलं, आणि मग एका दमात अख्खं म्हटलं. साहेबांनीही म्हणून पाहिलं आणि तेही मेन टेशनलाच उतरले. मग हसतहसत त्यांनी एक बंद पडलेला गेज तिच्यापुढं सरकवला. तो चालू झाला आणि तिची नोकरीही.

माझं नाव मात्र गेलं. आता शिफ्ट बदलताना लोक विचारतात, "आज दौंडात कोण हाय?"

तेव्हा मला भिऊ नका. खुशाल तोडा, हव्या त्या सांध्यावर तोडा. उसाचंही तोडलेलं टिपरंच उगवतं. आणि अख्ख्या नावानं हाक मारायला माझी मोनिका आहेच.