हुमदच्या आईची बातमी

सकाळपर्यंत हुमदच्या फोनवर सत्तावीस संदेश आले होते. एकोणीस फॉरवर्ड केलेले, सहा प्रार्थना, दोन फोटो. 'मी पाहिलं' असं एकातही नव्हतं.

हुमद इथिओपियातल्या अफार लोकांपैकी. नागपुरात रसायनशास्त्रात पीएच.डी. करतो आणि माझ्यासारखाच कुसुमताईंच्या मेसमध्ये जेवतो. गेल्या आठवड्यात त्याच्या गावाजवळ भूकंप झाला, जमीन फाटली, मोबाइलचा टॉवर पडला. गाव भेगेत गेलं, असं संदेश सांगत होते. गावात त्याची आई होती.

नाश्त्याच्या वेळी हानफरे आला. हुमदच्याच भागातला, काकांच्या ऑपरेशनसाठी कालच पोचलेला. मला वाटलं, हुमद दारातच आईचं विचारेल. दोघांनी एकमेकांच्या हातांचं चुंबन घेतलं, बाकावर बसले आणि हानफरे त्यांच्या भाषेत सावकाश बोलू लागला. हुमद नुसता हुंकार देत होता.

"काय सांगून राहिला तो?" पोह्यांवर तर्री घालता घालता कुसुमताईंनी विचारलं.

"वाटेवरचं गवत," हुमद म्हणाला. "कुठल्या विहिरीला पाणी आहे, कोणाचे उंट आजारी आहेत."

"आन् आई?" त्या माझ्याकडे वळल्या. "वैभवी, सांग ना वं त्याले. उंटाचं मंग विचार म्हणा."

"ताई, याला दागू म्हणतात," हुमद म्हणाला. "दोन अफार भेटले की बातमी द्यायचीच, पण निघाल्यापासून क्रमाने. मध्ये तोडलं तर काहीतरी सुटतं."

निरीक्षण वेगळं आणि अनुमान वेगळं लिहा, हे भूविज्ञानाच्या वर्गात आम्हाला पुन्हा पुन्हा बजावलं जाई. हानफरे ते बोलता बोलता करत होता. शब्द कळत नसले तरी तो कधी डोळ्याकडे बोट नेतो आणि कधी कानाकडे, हे मला दिसत होतं.

बऱ्याच वेळाने तो थांबला. मग हुमदने एकच प्रश्न विचारला. हानफरेचं बोट कानाकडे गेलं.

"आईला त्याने पाहिलेलं नाही," हुमद म्हणाला.

"असं काहून बोलतो गा हा? बरी आहे म्हणायले काय जाते त्याचं?"

हुमदने हे सांगितल्यावर हानफरे पहिल्यांदा हसला. त्याचं उत्तर हुमदने आम्हाला सांगितलं: "मग ताई, उद्या मी उंट बरे आहेत म्हटलं तर कोण मानेल?"

भेगेचं टोक त्याने स्वतः पाहिलं होतं. पुढे गावापर्यंत तो गेला नव्हता. पण भूकंपानंतर विहिरीवर त्याला मोमिना भेटली, हुमदची मावसबहीण. त्याच सकाळी ती हुमदच्या आईच्या हातचं दूध पिऊन आली होती. हुमदने मोमिनाबद्दलच चार प्रश्न विचारले: कुठून आली, बरोबर कोण होतं, पुढे कुठे गेली, दूध शेळीचं की उंटिणीचं. मग त्याने पोह्यांची प्लेट जवळ ओढली.

"म्हणजे बरी आहे?" मी विचारलं.

"त्या सकाळी होती. भेग अजून वाढत असेल तर माहीत नाही."

मी लॅपटॉपवर कालचं उपग्रहचित्र उघडलं. हुमदने घर दाखवलं. हानफरेने विहीर शोधली, तिथून बोट सरकवत भेगेच्या टोकावर आणलं. टोक त्याने पाहिलं होतं तिथेच होतं. मी अंतर तीनदा मोजलं. कुसुमताई हातातला झारा तसाच धरून मागे उभ्या होत्या.

भेगेच्या टोकापासून घरापर्यंत दोन हजार तीनशे दहा मीटर, अधिक-उणे वीस.