घरी कोण असतं

तपासनीस बाईंनी वाकून पलंगाखालीही पाहिलं, जणू तिथे एखादी आजी दडवून ठेवली असावी.

"मुलीला सांभाळणारं घरात दुसरं कोणी नाही?"

"माझी आई होती. मागच्या महिन्यात गेली."

ती स्वतः रुग्णालयाच्या धोबीखान्यात चादरी धुवायची. आई गेल्यापासून मुलीलाही सोबत नेत होती, वाफेपासून लांब, मळक्या कपड्यांच्या ढिगाआड बसवत होती. मुकादमाने आजच बजावलं होतं: उद्यापासून पोर आणलीस, तर तूही येऊ नकोस. पाळणाघराचे पैसे सरकार भरणार होतं. पण घरी मूल बघणारं कोणी नसेल, तरच.

"होऊन जाईल," बाई म्हणाल्या. आवाज जरा मऊ झाला होता.

तेवढ्यात शेजारच्या मावशी भिंत धरत धरत आत आल्या आणि पलंगावर धपकन बसल्या. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते; पोरीमागे धावणं त्यांना जमणारं नव्हतं. आबाळ दिसली की सरकारी माणसं पोर उचलून नेतात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

"पोरीची आबाळबिबाळ काही नाही हं, बाई! मी आहे ना. डोळ्यांत तेल घालून सांभाळते."

"रोज?"

"रोज म्हणजे? माझ्याच हातचं जेवते ती!"

"मावशी, अहो..."

"तू गप गं. चारचौघांत तोंड शिवल्यासारखी बसतेस, म्हणून तर मला बोलावं लागतं."

मुलगी मावशींच्या मांडीवर चढून बसली. बाईंनी पोरीच्या आईकडे वळून विचारलं, "या सांभाळतात, हे खरं?"

मावशींची मान ताठ होती. तिच्या गेलेल्या आईला शेवटची आंघोळ त्यांनीच घातली होती, स्टुलावर बसून, कण्हत, दुसऱ्या कुणाला हात लावू न देता. खोटं म्हणायचं, तर त्यांच्या तोंडावर म्हणावं लागणार होतं.

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"खरं आहे."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग नियमात बसत नाही. पण नशीबवान आहात. असे शेजारी कुठे मिळतात आता?"

त्यांची पावलं जिन्यात विरेपर्यंत मावशींनी दम धरला.

"बघितलंस? कशी वाटेला लावली!"

"हो, मावशी."

"उद्या लवकर निघायचं असेल ना तुला?"

"उद्या नाही जायचं."

"सुट्टी होय? बरं झालं बाई," मावशी मुलीचे केस सारखे करत म्हणाल्या. "आई गेल्यापासून घडीभर टेकली नाहीस."